हेमराजचा बिल्ला

शाळेतली बिडी मी दोन महिन्यांत बंद करून दाखवतो, असं मी मुख्याध्यापकांना छाती काढून सांगितलं. मी स्वतः रोज दोन ओढतो, ही बाब योजनेत बसत नसल्यामुळे सांगितली नाही.

योजना सोपी होती. मास्तरांनी भाषण द्यायचं नाही, मुलांनीच मुलांची सवय सोडवायची. त्यासाठी वर्गावर्गात चिठ्ठ्या वाटल्या: तुम्ही कोणाचं ऐकता? ज्याचं नाव जास्त येईल, त्याला बिडीबंदीच्या म्होरक्याचा बिल्ला. मला वाटलं, पहिली येणारी प्राची निघेल. निघाला दहावीचा हेमराज. निम्म्या पोरांना पहिली बिडी त्यानेच दिली होती.

मुख्याध्यापक शालीकराम सर म्हणाले, "याले बिल्ला? मंग माचिसही द्या शाळेच्या खर्चातून."

पण हेमराजने बिल्ला लावला आणि बिडी सोडली. कोणाला तलफ आली की हेमराज मुकाट्याने त्या पोराशेजारी जाऊन बसायचा. महिन्याभरात मुतारीमागची बिडी ओढायची जागा ओस पडली. इतकी, की मी तिथे निर्धास्त जाऊ लागलो.

एका गुरुवारी शालीकराम सरांना तिथून धूर दिसला. त्यांचं खाकरणं ऐकताच मी वयाला न शोभेल अशा चपळाईने भिंतीपलीकडे उडी मारली. वास घेत आलेला हेमराज नेमका जळत्या थोटकाजवळ सापडला.

"मी नाही पेलो जी."

"मंग कोण पेला?"

त्याने मला भिंतीवर पाहिलं होतं. तरी त्याने माझं नाव घेतलं नाही.

"काढ बिल्ला."

पिन काही त्याला निघेना. त्या पोरावर पहिल्यांदाच कोणी विश्वास ठेवला होता, तो माझ्या बिडीपायी गेला.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला मी सगळ्यांसमोर म्हणालो, "ती बिडी माझी होती."

शालीकराम सरांचे डोळे भरले. "पाहा पोरांनो, विद्यार्थ्यासाठी गुरू केवढा आळ अंगावर घेऊन राहिला."

टाळ्या पडल्या. "खरंच माझी होती," मी म्हणालो. टाळ्या वाढल्या.

हेमराज तेवढा वाजवत नव्हता. "असं नाही मानत ते," तो नंतर म्हणाला. "बंडल घेऊन चला जी."

मी बंडल मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवलं. सरांनी ते अर्धं संपलेलं बंडल उलटंपालटं करून पाहिलं. मग उठून त्यांनी स्वतःच्या हाताने हेमराजला बिल्ला लावला.

"आता या मास्तरचं काय करू, सांग."

"काही नका करू जी. मधल्या सुट्टीत माह्यापाशी पाठवत जा."

तेव्हापासून माझी मधली सुट्टी हेमराजपाशी, बिडी सोडू पाहणाऱ्या नववीच्या तीन पोरांबरोबर जाते. त्यांच्यात सगळ्यात कच्चा मी आहे.