देवाजीभाऊंचा पाहुणा

आमचे शेजारी देवाजीभाऊ रोज सकाळी तोंडात पाणी भरून आंब्याच्या बुंध्यावर फवारा मारायचे. त्या वेळी त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नसे. मी "जयभीम, भाऊ" म्हटलं की गाल फुगलेलेच राहायचे, भुवया तेवढ्या वर जायच्या.

ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमारास मी एटापल्लीच्या शाळेत मास्तर होतो आणि भाऊ दवाखान्यात कंपाउंडर. क्वार्टरसमोरच्या आंब्याला धोतराच्या चिंधीनं रानातलं एक ऑर्किड बांधलेलं होतं. कुणी त्याला बांडगूळ म्हटलं की भाऊ पेटायचे. "बांडगूळ झाडाचं रगत पिते जी. हा पाहुणा होय. जागा झाडाची, खाणं हवेचं."

उन्हाळ्यात सगळं रान करपलेलं असताना त्या वाळक्या दिसणाऱ्या जिवाला तपकिरी चट्ट्यांची, निळ्या जिभेची फुलं येत. अंगणभर असा वास सुटे की मी सायकल हातात धरून नुसता उभा राही. मग उलटतपासणी सुरू.

"वास येऊन राह्यला का, गुरुजी? कसा?"

"गोड."

"गोड तर गूळ बी राह्यते. नीट सांगा ना."

घरी औषध मागायला येणाऱ्यांचीही सुटका नव्हती. सर्दीचा पेशंट तर पुरता अडकायचा.

एकदा मोठे साहेब येणार म्हणून वसाहतीतल्या झाडांना गेरू-चुना लागला. मजुरांनी 'बांडगूळ' ओरबाडून उकिरड्यावर टाकलं, वर चुना सांडला. भाऊ दवाखान्यातून आले, खाली बसले आणि ओल्या कापसानं एकेक मूळ पुसू लागले.

"जाऊ द्या भाऊ, रानात पुष्कळ आहेत," मी म्हणालो.

"आहेत. पण हे आमच्या घरवालीनं लावलं होतं. टायफाइडात माझं नाक गेलं, तवापासून थेच मले वास सांगे. आता थे नाई, म्हणून तुमाले विचारतो."

मला फार वाईट वाटलं. मीही कापूस घेतला.

पुढचा उन्हाळा कोरडाच गेला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात कसाबसा एक तुरा आला. भाऊंनी मला बोलावलं, पण विचारलं काहीच नाही. चुन्यानं वास मेला असेल, ही धास्ती त्यांच्या चेहऱ्यावर होती. मीच फुलाला नाक लावून सांगू लागलो. आधी मोहाची फुलं, मग थोडा ताजा खवा. भाऊ डोळे मिटून ऐकत होते.

"पेरू नाई येत का? पिकला? थे म्हणे, सगळ्यात शेवटी पेरू येते."

मी पुन्हा नाक लावलं, जरा थांबलो. पेरू आला.