टाचेचा दगड

दोन्ही टाचा गुळगुळीत झाल्यावर मास्तरांचं लक्ष दगडावरच्या चिठ्ठीकडे गेलं. भिजून तिचा लगदा झाला होता, तरी बायकोचं अक्षर ओळखू येत होतं: ‘हात लावू नये.’

शाळेत चित्रकला शिकवणारे मास्तर ओल्या फरशीवरच मटकन बसले. बायको प्रयोगशाळेत ज्वालामुखीच्या काचेचा अभ्यास करायची. हा हलका, भोकाभोकांचा दगड म्हणजे तीच काच. तिच्यात मूळचं पाणी किती, हे उद्या मोजायचं होतं. डोंगर पुन्हा फुटेपर्यंत असा दुसरा तुकडा मिळणार नव्हता.

“आई, हा बाथरूममध्ये कुणी आणला?”

“मी. टाचेचा दगड कुणी पुस्तकांवर ठेवतं का?”

“अगं, ती यातलं पाणी मोजणार होती. आता अर्धी बादली मुरलीय त्यात.”

“मग वाळव की. रडतोस काय?”

मास्तरांनी दगड पंख्याखाली ठेवला. तो गळतच राहिला. केस वाळवायचं यंत्र लावलं, तर घरभर साबणाचा फेस उडाला आणि यंत्रानं मान टाकली. शेवटी दगड ओव्हनमध्ये गेला. घरात गुलाबाच्या साबणाचा वास दरवळू लागला आणि नेमकी तेव्हाच बायको आली.

“काय शिजतंय?”

“काही नाही,” ओव्हनला पाठ लावून मास्तर म्हणाले. पाठ पोळली, तसं त्यांनी सगळं सांगून टाकलं.

बायकोचा चेहरा पांढरा पडला. तिनं वाकून ओव्हनच्या बटणावर आच किती ते पाहिलं आणि हुश्श करून खुर्चीत बसली.

“अहो, बाहेरून मुरलेलं पाणी एवढ्याशा आचेवर निघून जातं. मूळचं काचेत घट्ट धरलेलं असतं, त्याला भट्टी लागते. आम्हीसुद्धा आधी असंच तापवून घेतो.”

“म्हणजे मी तुझं कामच केलं?” मास्तरांच्या जिवात जीव आला.

“हो. आता फक्त तुमच्या टाचा खरवडून काढायच्या आणि आतला भाग घ्यायचा.” मग तिनं नवऱ्याकडे रोखून पाहिलं. “पण ते ‘काही नाही’ म्हणालात, ते खोटं बोलणं मूळचं की नंतर मुरलेलं?”

“मूळचं गं. माझ्याकडचंच,” आई दारातून म्हणाल्या. “लगेच कबूल करायची सवय तेवढी तुझ्याकडून मुरलीय. फार तापवू नकोस त्याला, निघून जाईल.”