मंगळवारचं पत्र आणि एक चुकीचं वाक्य

पर्यवेक्षिकेची जागा यंदा आपल्यालाच मिळणार, असं भूगोलाच्या बाईंनी जाहीर करून टाकलं. जाहीर म्हणजे नवऱ्यासमोर, आणि तेही तो दाढी करत असताना. पण जाहीर ते जाहीर.

"विज्ञानाचे सरही रांगेत आहेत ना?" नवरा फेसातून म्हणाला.

"त्यांच्याकडे प्रयोगशाळा आहे. माझ्याकडे मंगळवारचं पत्र आहे."

मंगळवारचं पत्र म्हणजे शिक्षकांसाठी ईमेलवर येणारं एक वार्तापत्र. लेकीने ते शोधून दिलं, नोंदणी मात्र बाईंनी स्वतः केली. फोनने जे जे विचारलं त्याला त्या 'हो' म्हणत गेल्या. कुणी इतक्या अदबीने विचारत असताना नाही म्हणणं त्यांच्या जिवावर येई. त्यात 'तुमच्या सहकाऱ्यांनाही हे पत्र पाठवू का?' असाही एक प्रश्न होता. त्यालाही त्या 'हो' म्हणाल्या आणि विसरून गेल्या.

पत्र सकाळी सहाला येई आणि बाईंचा चहा निवून जाई. तऱ्हेतऱ्हेचे नकाशे असत, पाच मिनिटांच्या चाचण्या असत, चेंडू आणि टॉर्च घेऊन ऋतू कसे शिकवावेत ते असे. लिहिणाऱ्याचं नाव नसे. पण आपल्या सातवीच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसल्याशिवाय कुणाला इतकं नेमकं लिहिता येईल, हे बाईंना उमगत नसे. एकोणतीस वर्षं शिकवून आपल्याला जे कळलं नाही, ते या माणसाला दर मंगळवारी कळतं! वाचून झालं की त्या फोन झोपलेल्या बाळासारखा अलगद खाली ठेवत.

शाळेत अर्थातच चकार शब्द नाही. विज्ञानाचे सर शिक्षकखोलीत आले की बाई फोन पालथा घालत. बाई आल्या की सर फोन पालथा घालत. सरांचं घरी काहीतरी बिनसलेलं दिसतंय, असं बाईंना वाटे.

तपासनीस साहेब बुधवारी यायचे होते. बाईंचा सातवीवरचा सहावा तास ते बघणार, आणि त्यांच्या अहवालावर जागेचा निकाल. निवृत्तीला तीन वर्षं उरलेली, म्हणजे हीच शेवटची संधी. आदल्या दिवशीच्या पत्रात लिहिलं होतं : 'उद्या वर्गात शिरा. एक अक्षर बोलू नका. फळ्यावर एक धडधडीत चुकीचं वाक्य लिहा, शेवटच्या बाकावर जाऊन बसा आणि वाट पाहा. घाई करू नका. मुलं उठतील.'

बाईंच्या अंगावर काटा आला. संध्याकाळी त्यांनी घरी गप्प बसण्याचा सराव केला. तासाभरात नवऱ्याने तीन जुन्या चुका कबूल केल्या. पत्रात ताकद आहे, याची बाईंना खात्री पटली.

बुधवारी सहाव्या तासाला त्या वर्गात शिरल्या. तपासनीस साहेब आधीच शेवटच्या बाकावर, गुडघे हनुवटीपाशी घेऊन, बसलेले होते. बाई बोलल्या नाहीत. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. चिमणी नावाने ओळखली जाणारी वर्गातली सगळ्यात लहान मुलगी उठली आणि तिने खडू आणून दिला.

बाईंनी लिहिलं : 'नद्या समुद्रात उगम पावतात आणि डोंगराला जाऊन मिळतात.' मग त्या भारदस्तपणे मागे गेल्या.

"बसा बाई," चिमणी म्हणाली. "जागा पुसलीय. गणिताच्या सरांना खिळा टोचला होता, तोपण काढलाय."

बाईंचं मौन तिथेच सुटलं. "गणिताचे सर इथे कशाला बसले होते?" त्या कुजबुजल्या.

"सगळेच बसले. गणिताच्या सरांचा त्रिकोण चार बाजूंचा होता. विज्ञानाच्या सरांनी सूर्याला पृथ्वीभोवती फिरवलं. तुम्ही सहाव्या."

तेव्हा कुठे बाईंना सहकाऱ्यांनाही पत्र पाठवू का, हा फोनचा अदबशीर प्रश्न आठवला. त्या बाकावर बसल्या. शेजारी साहेब. त्यांनी हे ऐकलं की नाही, ते चेहऱ्यावरून कळेना.

पण वर्ग थांबलाच नाही. पहिल्या तासाला म्हणे मुलं वीस मिनिटं नुसती बसून होती. सहाव्यापर्यंत त्यांचा हात बसला होता. कुणी दप्तरं रचून डोंगर केला, कुणी त्यावर रेनकोट पांघरला, कुणी शिखरावर बाटली उपडी केली. पाणी उतरत उतरत थेट साहेबांच्या बुटापर्यंत आलं. "हा समुद्र," चिमणी म्हणाली. साहेबांनी बूट हलवला नाही.

आणि मग लंबू उठला. शाळा सुरू झाल्यापासून हजेरीपलीकडे ज्याने तोंड उघडलं नव्हतं, तो लंबू. "खाली आलेलं पाणी वर चढत नाही ना? मग डोंगरावर रोज नवं कुठून येतं?"

वर्ग नुसता पेटला. ढग, ऊन, वाफ, बर्फ, सगळं मुलांनीच एकमेकांशी भांडून फळ्यावर आणलं. बाई तपासनीस विसरल्या, जागा विसरल्या. एकोणतीस वर्षांत आपला वर्ग त्यांनी मागून कधी पाहिलाच नव्हता. त्यांचे डोळे भरून आले आणि तोंड उघडं राहिलं.

घंटा झाली. साहेबांनी विचारलं, "ही पद्धत तुमची?"

खरं सांगायचं बाईंच्या ओठांवर होतं. पण जागा जिभेवर होती. "हो. म्हणजे… अनुभवातून सुचली."

साहेब मान डोलवत पुढे गेले, बाईंच्या टेबलावर अहवालाचा कागद ठेवून त्यावर एक ओळ लिहिली, आणि चकार शब्द न काढता परत येऊन शेवटच्या बाकावर बसले. बाई उठून टेबलापाशी गेल्या. कागदावर होतं : 'ही पद्धत बाईंना स्वतःला सुचली.'

बाकी कागद कोरा.

बाईंनी मागे पाहिलं. साहेब वाट पाहत होते. त्यांना अजिबात घाई नव्हती.

फरशी पुसता पुसता चिमणीने टाचा उंचावून कागद वाचला. "बाई," ती म्हणाली, "हे तर आजचं सगळ्यात सोपं वाक्य आहे." आणि तिने खडू बाईंच्या हातात दिला.