इंग्रजी गाऱ्हाणं

"अ स्टॉर्म इन अ टीकप, म्हणजे..." हरिश्चंद्राने डोळे मिटले, उघडले, आढ्याकडे पाहिले. समोरची पेज निवून तिच्यावर साय धरली. "म्हणजे काय गो ता?"

त्याच्या बायकोने, सुगंधाने, मांडीवरच्या पुस्तकात बोट ठेवून अर्थ शोधला. "बारीकशा गोष्टीवरना मोठा रामायण."

"तर! आत्ताच पाठ केल्लंय!"

पाठ होत होते आणि पेजेबरोबर पोटात जात होते. डोक्यात काही राहत नव्हते. मालवण बंदरावरच्या आगबोटीच्या कचेरीत हरिश्चंद्र हंगामी कारकून होता. पावसाळ्यात आगबोट बंद झाली की त्याची नोकरीही किनाऱ्याला लागे आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात पडे. यंदा मात्र कायमची जागा निघाली होती. मुंबईहून साहेब येऊन तोंडी परीक्षा घेणार होते, आणि साहेबांना इंग्रजी वाक्प्रचारांचा भारी नाद, अशी बातमी साहेबांच्या आधीच्या बोटीने येऊन पोचली होती. जागा मिळाली नाही तर बांद्याचा एक मॅट्रिक पास मुलगा तिच्यावर टपलेलाच होता.

सुगंधाने सोमवार धरले, संकष्टी धरली, तुळशीच्या प्रदक्षिणा वाढवल्या. तरी टीकपातले वादळ काही शमेना. मग एका सकाळी फुले वेचताना तिला सुचले. गावच्या देवळात गाऱ्हाणे घालायचा मान हरिश्चंद्राच्या घराण्याचा होता. देवापुढे उभे राहून तो घटकाभर गाऱ्हाणे घाली, गावातल्या एकूण एक घराची अडचण त्यात येई, आणि प्रत्येक वाक्यामागे लोकांनी "व्हय म्हाराजा!" म्हटले की पुढचे वाक्य आपोआप ओठांवर येई. आजवर तो कधी अडखळला नव्हता.

"थंय एक शब्द विसरणास नाय," ती हळूच म्हणाली. "मगे ह्या पाठांतर गाऱ्हाण्यात घालून बघूया काय?"

"इंग्रजी? गाऱ्हाण्यात?"

"देवाक सगळ्यो भाषा येतत." पण मनातून ती धास्तावलीच होती. तिने देवापुढे साखर ठेवली आणि पुटपुटली, "चुकला तर शिक्षा माका कर, तेंका पास कर."

संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर हरिश्चंद्र तुळशीसमोर हात जोडून उभा राहिला. "बा देवा म्हाराजा! अ स्टॉर्म इन अ टीकप म्हणतत..."

"व्हय म्हाराजा," सुगंधा म्हणाली.

"म्हण मा!"

"म्हटलंय."

सुगंधाचा आवाज असा, की तिचा श्लोक ऐकायला तुळशीलाही वाकावे लागे. तेव्हा सासूबाईंना बोलवावे लागले. हौसाबाईंनी ओटीवरूनच "व्हय म्हाराजा!" अशी आरोळी ठोकली, आणि हरिश्चंद्राच्या तोंडून धबधबा सुटला, "तेचो अर्थ, बारीकशा गोष्टीवरना मोठा रामायण, असो होवंदे रे म्हाराजा!"

सुगंधाच्या डोळ्यांत पाणी आले.

पण ती आरोळी शेजारपाजारीही गेली होती. गाऱ्हाणे चालू असताना घरात बसून राहणे म्हणजे देवाशी वाकडे. आगबोटीपर्यंत होडीतून उतारू नेणारा पडाववाला भिकाजी धावत आला. मागून शेवंती नारळ घेऊन आली. चार दिवसांत अंगण भरू लागले. शेवंतीला आपली म्हैस आटत चालल्याची काळजी होती, म्हणून 'टू किल टू बर्ड्स विथ वन स्टोन'नंतर म्हैस घालावी लागली. पंचमीच्या दिवशी म्हैस भरपूर दुधाला आली आणि इंग्रजीची कीर्ती पार तोंडवलीपर्यंत गेली.

सगळे सुरळीत चालले असताना एक दिवस 'टू बर्न वन्स बोट्स' आले. हरिश्चंद्राने त्याचा शब्दशः उलगडा करायची चूक केली.

भिकाजी ताडकन उठला. "होड्यो जाळूक मी व्हय म्हणूचंय नाय!"

"अरे, ती म्हणण्याची रीत आसा. अर्थ वेगळो..."

"देव अर्थ बघता काय शब्द, कोणाक ठावक? कालच पडावाक तेल लावलंय मी!"

सगळे पडाववाले त्याच्यामागे उभे राहिले. तो एक वाक्प्रचार मग वगळला गेला.

परीक्षेचा दिवस म्हणजे आगबोटीचाच दिवस. कचेरीबाहेर धक्क्यावर उतारू, हमाल, पडाववाले, सगळी गर्दी. नवरा बाहेर येईपर्यंत पाणीही प्यायचे नाही असे ठरवून सुगंधा सासूबरोबर खिडकीखाली उभी होती.

साहेब कोट-टायमध्ये, चेहरा इस्त्री केलेला. त्यांनी विचारले, "अ स्टॉर्म इन अ टीकप?"

हरिश्चंद्राचे ओठ हलले, आवाज येईना. आणि त्याचे हात आपोआप जोडले गेले. "बा देवा म्हाराजा! अ स्टॉर्म इन अ टीकप म्हणतत..."

धक्का सवयीने गरजला, "व्हय म्हाराजा!"

साहेब खुर्चीत दचकले. हरिश्चंद्राने अर्थ धडाधडा सांगितला. साहेबांनी दुसरा विचारला, तिसरा विचारला. बाहेरून गर्जना, आतून अर्थ. साहेबांचा चेहरा काही सांगत नव्हता. शेवटी त्यांनी पुस्तक मिटले आणि म्हणाले, "टू बर्न वन्स बोट्स?"

"बा देवा म्हाराजा! टू बर्न वन्स बोट्स म्हणतत..."

धक्का चिडीचूप. भिकाजीने ओठ घट्ट मिटले होते, आणि त्याच्याकडे बघून बाकीच्यांनीही. हौसाबाई नेमक्या ठसक्याने खोकत होत्या. हरिश्चंद्र हात जोडून तसाच उभा. साहेबांनी घड्याळ पाहिले.

सुगंधाने एकदा भिकाजीकडे पाहिले, एकदा खिडकीकडे. मग पदर खोचला.

"व्हय म्हाराजा!!"

धक्क्यावरचे कावळे उडाले. एका उतारूच्या हातातली वळकटी पाण्यात पडली. आणि आत बांध फुटला, "तेचो अर्थ, मागे फिराची वाट आपल्याच हातान बंद करूची, असो आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सांगितलेल्या अर्थामध्ये होडी नाही हे कळताच भिकाजी सगळ्यांहून मोठ्याने ओरडला.

सुरू झालेले गाऱ्हाणे मध्ये थांबत नाही. "जी काय इडापिडा आसात ती साता समुद्रापलीकडे धाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या तुझ्या लेकराची हंगामी नोकरी कायम कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

यावेळी एक आवाज खोलीतून आला होता. सुगंधाने टाचा उंचावून पाहिले. साहेब उभे होते, बूट काढलेले, नुसत्या मोज्यांवर, हात जोडून, डोळे मिटून.

साहेबांनी डोळे उघडले. मग साहेब ओशाळे हसले. "मी मूळचो ह्याच मुलखातलो, पिंगुळीचो," ते म्हणाले. "देवाक व्हय म्हटलंय, आता कागदावर नाय कसा म्हणू?" आणि त्यांनी सही केली. हरिश्चंद्राने शाई वाळायच्या आत कागद खिशात घातला आणि तो बाहेर आला.

साहेब मोज्यांवरच खिडकीशी आले. आवाज खाली आणून म्हणाले, "माझी कलकत्त्याक बदली होता. ती रद्द होवची म्हणान उद्या एक गाऱ्हाणा घालशात? नारळ मी आणतंय. पण व्हय म्हणूक ती मघाची बाई व्हयी. तिचो व्हय थेट पोचता."

"ती माझी सून," हौसाबाई खोकत म्हणाल्या. "पण साहेब, तिका मोठ्यान बोलूक येणा नाय हां."

सुगंधा तांब्याभर पाणी प्यायली, तिने पदर सारखा केला आणि नेहमीच्या आवाजात विचारले, "बाईसायबांका काय वाटता बदलीचा?"

साहेबांना खिडकीतून वाकावे लागले. "तिका?" ते घुटमळले. "तिका जावचा आसा. थंय बंगलो मोठो मिळता. तिना तर बदली होवंदे म्हणान नवस केल्यान."

"नवस?" सुगंधाने कानांना हात लावले. "मगे माका क्षमा करा, साहेब. दुसऱ्या बाईच्या नवसाआड माझो व्हय येवचो नाय."

हे ती इतके हळू बोलली, तरी धक्क्यावर सगळ्यांना ऐकू गेले. साहेब गुपचूप बूट शोधायला लागले.