हवालदार आप्पांचे नकाशे

हवालदार आप्पा बाजाराला निघाले की आधी भाजीचा नकाशा काढत. यादी नव्हे, नकाशा! कागदाच्या मधोमध एक गोल, त्यात पोटाचं चित्र, आणि गोलातून चारी बाजूंना फुटलेल्या रंगीत फांद्या. लाल फांदीवर मिरची, टोमॅटो. हिरवीवर मेथी, कोथिंबीर. पांढऱ्या खडूच्या फांदीवर मीठ, साखर, लसूण. कागदही पांढराच, त्यामुळे आप्पा मीठ हमखास विसरत आणि वाटी घेऊन आमच्या दारात उभे राहत. "पद्धतीत चूक न्हाई," ते आईला बजावत, "कागदात हाय."

आणि तो कागद कुणाचा? माझा! साताऱ्यातल्या आमच्या वस्तीत संघटनेची पत्रकं मी लिहायचो. नळाला पाणी नाही, काढ पत्रक. रेशनला रॉकेल नाही, काढ पत्रक. पाचशे छापावीत तर पन्नास-साठ आप्पा पाठकोरी म्हणून उचलून नेत. मी संतापायचो. हा कागद जनतेचा आहे, असं ओरडायचो. आप्पा शांतपणे म्हणायचे, "मग मी कोन, कलेक्टर?"

वर टीकाही करत. माझं पत्रक डोळ्यांपासून हातभर लांब धरून विचारत, "काय लीडर, मधी काय?"

"मधी म्हणजे?"

"समदीच बोंबलत्यात हितं. वरातीसारखं. नवरदेव कुठं हाय त्यो दाव."

हा 'मधी काय?' वस्तीत सगळ्यांना चावून गेलेला होता. कुणी भांडण घेऊन आलं, मधी काय? कुणी स्थळ घेऊन आलं, मधी काय? एका मयताला तर रडणाऱ्या पुतण्याला त्यांनी विचारलं, आणि त्याचं रडं थांबवून कुणी काय आणायचं याचा नकाशा जमिनीवर कोळशानं काढून दिला. लोक चिडले, पण काही आणायचं राहिलं नाही, हेही खरं.

ही विद्या पलटणीतली. मोहिमेआधी साहेब लोक वाळूत डोंगर, नाले, वाटा मांडून दाखवत आणि जवान ते डोक्यात घालून अंधारात बरोबर चालत जात. आप्पांनी विचार केला, डोंगराचा होतो तर डोक्याचा का न्हाई? निवृत्त होऊन आले ते रंगीत खडूंचा डबा घेऊनच. विहाराशेजारच्या खोलीत एकटे राहत आणि संध्याकाळी विहारात वस्तीतल्या पोरांना शिकवत. धडा पाठ करायचा नाही. गोल काढायचा, फांद्या फोडायच्या, फांदीला एकच शब्द आणि एक चित्र. दुसरा शब्द दिसला की आप्पा ओरडत, "फांदी मोडंल!"

त्या पोरांत वैशाली होती. हुशार, पण भित्री. प्रश्नपत्रिका हातात आली की हिचं डोकं कोरं. आप्पांनी तिला हुकूमच दिला होता: आधी पाच मिनिटं शेवटच्या पानावर नकाशा काढायचा, मग उत्तरं लिहायची. दहावीच्या इतिहासाच्या पेपरला तिनं तेच केलं. मुकुट, तुरुंग, दोन तलवारी, उगवता सूर्य. घरी येऊन म्हणाली, "आप्पा, एक बी फांदी इसरली न्हाई."

जूनमध्ये सगळ्यांचा निकाल लागला. वैशालीचा राखून ठेवला.

परीक्षेच्या ऑफिसातून पत्र आलं. उत्तरपत्रिकेत ओळख पटवणाऱ्या संशयास्पद खुणा आढळल्या, सुनावणीला सांगलीला हजर राहावं. म्हणजे मुकुट आणि तलवारी काढून या पोरीनं तपासनिसाला इशारा केला! खिडकीतून गाइडची पानं आत फेकणारे मोकळे, आणि सूर्य काढणारी गुन्हेगार! माझं डोकं फिरलं. रात्रीत पत्रक लिहिलं, बारा उद्गारचिन्हांचं.

आप्पांनी ते वाचलंसुद्धा नाही. "आधी पोरगी," म्हणाले. "तुजं पत्रक वाचून त्येंनी रागानं वरीस घालवलं तर? बाप तिचा फलटणच्या स्थळाला व्हय म्हणून बसलाय. निकाल आला तरच थांबतो म्हणतोय."

मला ते माहीत नव्हतं. पत्रक घडी घालून पिशवीत टाकलं.

त्या आठवड्यात आप्पांनी खडूला हात लावला नाही. सकाळी यायचे, उंबऱ्यावर बसायचे, पुन्हा तेच विचारायचे, "शेवटच्या पानावर काढ म्हणून मीच सांगितलं न्हवं? कच्च्या कामाला असतंय की त्ये पान?" मी हो म्हणायचो. "मग असं कसं रं झालं?" दुपारी पुन्हा यायचे. आई चहा ठेवायची, तो तसाच निवायचा. वैशाली तर दाराबाहेर पडत नव्हती. नळावर बायका तिच्या आईला 'कॉपीवालीची आई' म्हणू लागल्या होत्या.

बापाला कंपनीत सुट्टी मिळेना. त्यानं चिठ्ठी लिहून दिली आणि पालक म्हणून मी, शिक्षक म्हणून आप्पा, असे आम्ही तिघं पहाटेच्या एसटीनं सांगलीला निघालो. आप्पांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. समितीपुढं काय बोलायचं याचा नकाशा ते गाडीत काढत होते. कराडपर्यंत तीन फाडले. शेवटचा नीट घडी घालून खिशात ठेवला आणि दर दहा मिनिटांनी खिसा चाचपत राहिले.

सुनावणी एका शाळेत होती. दारावरच शिपायानं अडवलं. "कॉपीची केस ना? मग कागदपत्र आत न्यायचं नाही." खिशातला नकाशा त्यानं काढून घेतला; माझ्या पिशवीकडं मात्र पाहिलंही नाही. आप्पांचा चेहरा मी पाहिला. माणसाचा चष्मा काढून घेतल्यावर होतो तसा.

आत टेबलामागं तिघं. मधले अध्यक्ष, जाड भिंगाचे. वैशालीची उत्तरपत्रिका पुढं उघडी.

"ही चित्रं कुणासाठी?"

आप्पा सावधान उभे राहिले. तोंड उघडलं. काहीच आलं नाही. अख्ख्या वस्तीला लक्षात ठेवायला शिकवणारा माणूस, मान ताठ, हात शिवणीला, आणि ओठ नुसते हलतायत. मी बोलायला उठलो तर अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही बसा. पत्रकवाले ना? पिशवीतून दिसतंय." मी पिशवी बाकाखाली सरकवली. माझ्या एका शब्दानं पोरीचं वर्ष जाईल, ही भीती मला आयुष्यात पहिल्यांदा कळली.

तेव्हा वैशाली म्हणाली, "सर, मी फळ्यावर काढून दाखवू? इतिहास नको, पाठ केला म्हणाल. दुसरंच काहीतरी काढते."

अध्यक्षांनी मान हलवली. तिनं गोल काढला आणि आत लिहिलं, 'आप्पा'. पाचएक मिनिटं खडू चालला. पलटण. खडू. मीठ. पत्र. प्रत्येकाला एक चित्र. मग फळ्याकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून ती बोलू लागली. ही पोरगी एवढं बोलते! मिठाच्या फांदीला समितीतल्या बाई खुदकन हसल्या.

"आणि पत्र म्हणजे," ती म्हणाली, "आप्पांचा मुलगा लांब कारखान्यात आहे. त्याचं पत्र आलं की आप्पा त्याचा नकाशा काढतात, मग ते तोंडपाठ होतं. दोन वर्षं पत्र नाही आलं. म्हणून जुन्याच पत्राचा काढतात. त्यात दर वेळी एक नवी फांदी सापडते म्हणतात."

आप्पा तसेच सावधान. मी पाच वर्षं त्या माणसाच्या शेजारी राहत होतो. त्याच्या घरात पत्र येतं की नाही, हे मी कधी विचारलं नव्हतं.

अध्यक्षांनी भिंगं पुसली. उत्तरपत्रिकेचं शेवटचं पान पाहिलं, मग पुढची पानं एकेक करून मुकुट, तुरुंग, तलवारींशी ताडून पाहिली. "हे कच्चं काम आहे," ते बाजूच्यांना म्हणाले. "निकाल मोकळा करा." बाईंनी यादीत बोट फिरवलं आणि वैशालीकडे बघून म्हणाल्या, "फर्स्ट क्लास आहे गं."

स्टँडवर वैशालीला भूक लागली. आठ दिवसांची लागली असावी. तीन वडापाव खाल्ले. आप्पा मात्र कुठंतरी गेले होते. आले ते हातात पोस्टातून आणलेलं आंतरदेशीय पत्र घेऊन. माझ्यापुढं धरलं.

"लिव. तुझं अक्षर बरं हाय."

मी पेन काढलं. पत्ता त्यांनी न अडखळता सांगितला. मग म्हणाले, "लिव, वैशाली पास झाली, फर्स्ट क्लास."

लिहिलं. "पुढं?"

"एवढंच."

"अहो आप्पा, वैशाली कोण, हे त्याला काय माहीत?"

"म्हाईत न्हाई म्हणूनच," आप्पा म्हणाले. "कोन ही वैशाली, एवढं इचारायला तरी त्यो लिवंल की रं."