घेता का?

पठारे काका पेशंटने भरलेला फॉर्म आधी उजेडाकडे धरतात. मग ‘ओके’, ‘रीवर्क’ किंवा ‘रिजेक्ट’ असा निकाल देतात. भोसरीतल्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं तयार पार्ट तपासले. निवृत्तीनंतर ते आमच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. मी केसपेपर काढतो. पेशंट डॉक्टरांकडे जाण्याआधी त्याच्याकडून व्यसनांचा एकपानी फॉर्म भरून घेणं, हे काकांचं काम.

गुटख्याने दात लाल झालेला माणूस तंबाखूपुढे ‘नाही’ लिहितो. काका फॉर्म परत करतात. ‘भावा, माप चुकलंय. रीवर्क.’ मिशरी लावणारी आजी म्हणते, ‘व्यसन कसलं? दात घासते.’

‘दिवसातनं किती येळा?’

‘पाच.’

‘लई निगा ठेवता दातांची,’ म्हणत काका पाच लिहितात.

दारूचा प्रश्न छापील होता : ‘आपण मद्यप्राशन करता का?’ सगळे ‘नाही’ लिहायचे. काकांनी गठ्ठाभर फॉर्मांवर पेन्सिलीने दुरुस्ती केली : ‘घेता का?’ त्या दिवसापासून लोक ‘थोडी’ लिहू लागले. डॉक्टर मॅडम रागावल्या. काका म्हणाले, ‘मॅडम, ड्रॉइंगच चुकलं तर पार्ट बसंल कसा?’ पुढचे फॉर्म ‘घेता का?’ असेच छापून आले.

गेल्या महिन्यात प्रेस ऑपरेटर दत्ता बायकोसह आला. दुसऱ्या दिवशी त्याचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. त्याने ‘कधीच नाही’वर खूण केली. बायको फरशीकडे बघत राहिली.

‘रोजची दारू ऑपरेशननंतर एकदम तुटली, तर जिवावर बेततं,’ काका म्हणाले.

‘कंपनीत कळलं तर काढून टाकतील, काका.’

‘ह्यो कागद कंपनीत जात न्हाई.’

‘पण मी घेतच नाही की.’

काकांनी कोरा फॉर्म घेतला, वर स्वतःचं नाव घातलं आणि भरून दत्तापुढे सरकवला. मीही तो तेव्हाच वाचला. किती वेळा : रोज. किती : एक क्वार्टर, पगाराला दोन. सोडली : बारा वर्षांपूर्वी. घरचं कोणी काळजीत होतं का : बायको. माहेरी गेली.

दत्ताने तो दोनदा वाचला. मग आपली खूण खोडून ‘रोज’ लिहिलं. ऑपरेशन पुढे गेलं. आधी दारू सोडवायचे उपचार ठरले.

निघताना त्याच्या बायकोने विचारलं, ‘काका, काकू आल्या का मग परत?’

‘त्यो प्रश्न फॉर्मात न्हाई, ताई,’ काका म्हणाले आणि त्यांनी पुढचा नंबर पुकारला.