ताईसाहेबांनी तीन पुडी डबा सर केला, त्याची हकीकत

सकल वाचकजनांचे सेवेसी दोन्ही कर जोडोन विज्ञापना ऐसीजे. अँब्युलन्सच्या तीन नंबर गाडीवरील ताईसाहेब यांनी भर दुपारी आपला डबा आपणच कैसा खाल्ला, ते सविस्तर लिहावे म्हणोन आज्ञा जाली, त्यावरोन घडले तैसे लिहिले असे. पदरचे मीठ घातले नाही. डब्यातही बेताचेच होते.

ताईसाहेब म्हणजे पट्टीबहाद्दर, ऑक्सिजनधुरंधर, जिनेमर्दिनी. थांबली छाती दाबोन चालती करावी, आणि रडत्या नातलगांस धीर द्यावा, ऐसा लौकिक. परंतु स्वतःचे पोटाकडे लक्ष म्हणोन नाही. गेले आठवड्यात चौथे मजल्यावरोन एका वजनदार शेटजींस खुर्चीत घालोन उतरविते समयी ताईसाहेबांस अंधारी आली आणि त्या पायरीवर बसल्या, मग शेटजी स्वतःच खुर्चीतून उठले आणि त्यांत ताईसाहेबांस बसवोन फाइलीने वारा घालू लागले. अँब्युलन्सच्या लष्कराची ऐसी नाचक्की कधी जाली नव्हती. सुपरवायझरसाहेबांचे फर्मान सुटले की, पुन्हा एकवार घेरी आली तर गाडीवरोन उतरवोन फोनच्या टेबलावर रवानगी होईल. ताईसाहेबांचा सारा जीव त्या गाडीत. घरी येवोन न्हाणीघरात नळ सोडोन रडल्या.

मातोश्रींनी नळ बंद करविला आणि तीन पुडी डबा सिद्ध केला. सहा दिवस डबा भरला गेला आणि भरलाच परत आला. सातवे दिवशी मातोश्रींनी निर्वाणीचा हुकूम केला की, आज डबा रिकामा आला नाही तर साहेबांस आपण जातीने फोन करू आणि सांगू, हिला टेबलावरच बसवा. मातोश्री बोलल्या म्हणजे करणार, हे सर्वांस ठाऊक.

आता या लष्करात एक शब्द वर्ज्य आहे. तो शब्द 'निवांत'. कोणी चुकोन उच्चारिला की घटकेत बोलावणे आलेच, ऐसा पिढीजात अनुभव. उच्चारणारास गाडीची फरशी पुसण्याची शिक्षा. साडेबारास ताईसाहेबांनी वरचे झाकण उघडिले, भाताची वाफ नाकी गेली, आणि गाडी हाकणारे काका आळस देत म्हणाले, "आज काय, कसं नि..." ताईसाहेबांनी झडप घालोन काकांचे तोंडावर मास्क चढविला. परंतु अर्धा शब्द निसटला होता, आणि अर्ध्यानेच काम केले. वायरलेसवरील मावशी खरखरत म्हणाली, "तीन नंबर, आजीबाई स्टुलावरून पडल्यात. तिसरा मजला, लिफ्ट बंद."

"काका!" ताईसाहेब गरजल्या.

"पुसतो फरशी," काका मास्कआडोन वदले.

आजीबाई निघाल्या निवृत्त मुख्याध्यापिका. पंखा पुसावयास चढल्या आणि उजवे मनगटावर उतरल्या. ताईसाहेबांनी पुसिले, "दुखणं एक ते दहात किती?" बाई म्हणाल्या, "साडेसहा. फुगवून सांगत नाहीये." मग मनगटास फळी बांधिली, आणि खुर्ची तीन मजले उतरविली, आणि हॉस्पिटल गाठिले. तेथे एकही खाट मोकळी नाही. दंडक ऐसा की, खाट मिळोन रुग्ण तेथील नर्सचे ताब्यात जाईतो अँब्युलन्सवाल्यांनी हलू नये. म्हणोन तिघे कॉरिडॉरात भिंतीस लागोन तळ ठोकोन राहिले. अडीच वाजले.

ताईसाहेब कागद भरू लागल्या तो पेन थरथरले. भिंत किंचित वाकडी दिसो लागली. शिक्षेच्या टेबलावरचा फोन आतापासोनच कानी वाजो लागला. ताईसाहेब मनोमन घाबरल्या.

पस्तीस वर्षे वर्गावर नजर ठेविलेली बाई. तिचे डोळ्यांतून काय सुटते? "तुझं किती?" बाईंनी विचारिले.

"माझं काय?"

"भूक. एक ते दहात."

ताईसाहेबांस आजवर हा प्रश्न कोणी केला नव्हता. "अकरा," त्या म्हणाल्या.

तत्क्षणी बाईंचा हुकूम जाला आणि काका धावत जाऊन डबा घेवोन आले. ताईसाहेब संकोचल्या. बाई म्हणाल्या, "अगं, निवांत जेव. मी कुठे पळतेय?"

काकांचे हातून चमचा पडला. तिघांनी वायरलेसकडे पाहिले. आणि वायरलेस खरखरला! "तीन नंबर, मोकळे आहात का?"

ताईसाहेबांचा घास हवेत राहिला. मग त्यांस दंडक आठवला, आणि नोकरीच्या आठ वर्षांत प्रथमच तो गोड लागला. "रुग्ण अजून आमच्याच ताब्यात आहे, मावशी."

"बरं, चार नंबर जवळच आहे, तिला पाठवते. जेवलीस का गं?"

"जेवतेय!" ताईसाहेब ओरडल्या, आणि कॉरिडॉरातील अनोळखी लोकही हसले.

मग भात पडला, आणि भाजीचा पूड पडला, आणि तिसऱ्या पुडातील उकडलेल्या दोन अंड्यांपैकी एक पडले, इतक्यात नर्स आली की खाट मोकळी जाली. बाईंनी शेजारच्या पोटदुखीवाल्या गृहस्थाकडे डाव्या हाताने बोट दाखविले. "त्यांना न्या आधी. आमचं एक अंडं राहिलंय." साडेसहा दुखत असता बाईंनी आपली पाळी दिली, हे लिहितेसमयी बखरकाराचेही डोळे ओले जाले.

दुसरे अंडे तीन वाजोन दहा मिनिटांनी सर जाले. भिंत सरळ जाली, पेन स्थिर जाले, आणि पुढली खाट येताच ताईसाहेबांनी बाईंस स्वहस्ते नर्सचे ताब्यात दिले.

घरी मातोश्रींनी डबा हालविला, हुंगिला, आणि विचारिले, "काकांना चारलास ना?" ताईसाहेबांनी झाकण पुढे केले. त्यावर पांढरी चिकटपट्टी होती, आणि तीवर डाव्या हाताची वेडीवाकडी अक्षरे: "मुलीने डबा स्वतः संपवला. दहापैकी दहा. अक्षराला हसू नये. मुख्याध्यापिका."

मातोश्री हसल्या नाहीत. पट्टी सोडविली, फ्रिजच्या दारावर चिकटविली, आणि साहेबांचा नंबर लिहिलेला कागद फाडोन टाकिला.

येणेप्रमाणे डबा फत्ते जाला, गाडी राहिली. दुसरे दिवशी लष्करात नवा दंडक जाहीर जाला की, तो वर्ज्य शब्द अन्य समयी उच्चारू नये; मात्र गाडीवरील कोणी जेवावयास बसले, तर दुसऱ्याने तो अवश्य उच्चारावा. काकांनी फरशी पुसली. लेखनसीमा.